जुन्या गाडीला नवं स्टिअरिंग? जरा थांबा

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. घरात जुनी गाडी असेल, प्रीमियर पद्मिनी म्हणा, अ‍ॅम्बेसेडर म्हणा, आणि तिचं स्टिअरिंग तडकलं असेल, तर बाजारात मिळणारं ते छोटं, जाडजूड, तीन दांड्यांचं 'स्पोर्ट्स' स्टिअरिंग बसवू नका. जुनंच दुरुस्त करा. ते होण्यासारखं नसेल तर त्याच गाडीचं, त्याच मापाचं सेकंडहँड शोधा. स्पोर्ट्स स्टिअरिंगचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोही बऱ्याच अटी घालून.

आता एवढ्याशा गोष्टीवर अख्खा लेख कशाला, असं वाटेल. पण गेले दोन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याच विषयावर महाभारत चालू होतं. अंबाजोगाईला माझ्या थोरल्या काकांकडे १९७८ ची पद्मिनी आहे. काका एकाहत्तर वर्षांचे. गाडी रोज निघत नाही, पण शेतावर जायचं असलं, परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जायचं असलं की हमखास निघते. तिचं स्टिअरिंग तीन ठिकाणी तडकलंय आणि वळवताना चिरेत तळहाताची कातडी सापडते. त्यात काकांचा उजवा खांदा दुखतो. पुण्यातल्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, ग्रुपवर तेरा इंची स्पोर्ट्स स्टिअरिंगची लिंक टाकली. "बाबा, हे बसवू, गाडीचा लुकच बदलेल." काकू म्हणाल्या, "लुक कशाला, किल्लीच काढून घ्या त्यांच्याकडनं." काका काहीच म्हणाले नाहीत. बोलणं चाकाचं चाललं होतं, पण ठरणार होतं ते पुढच्या वर्षी काका गाडी चालवणार की नाही हे. म्हणून मी जरा खोलात शिरलो.

(सोयीसाठी: पुढे 'चाक' म्हटलं की हातातलं गोल चाक समजा. रस्त्यावरच्याला मी टायरच म्हणेन.)

सुरुवात आठवी-नववीच्या विज्ञानापासून. चाक म्हणजे एक तरफ आहे. मधल्या दांड्यावर पीळ द्यायचा तर कडेवर जोर लावायचा. कड जितकी लांब, तितका जोर कमी. हिशेब सोपा जावा म्हणून जुनं चाक सोळा इंची धरू. त्याच्या जागी तेरा इंची बसवलं तर तेवढ्याच कामाला सोळा भागिले तेरा, म्हणजे साधारण २३ टक्के जास्त जोर लागणार. चौदा इंची घेतलं तरी १४ टक्के. आपल्या वयाच्या माणसाला हा फरक 'थोडं टाइट लागतंय' एवढाच जाणवेल. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला देवळासमोरच्या गर्दीत गाडी मागे-पुढे करून लावताना तो फरक फार मोठा आहे.

जुन्या गाड्यांची चाकं मोठी का असायची याचं उत्तर यातच आलं. त्या काळी ती फॅशन नव्हती, गरज होती. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. अमेरिकेत क्रायस्लरने १९५१ साली पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत ते दिलं, पण आपल्याकडच्या घरगुती गाड्यांत ते यायला पुढची कित्येक दशकं गेली. आपल्या लाल डब्याच्या एसटीचं जुनं चाक आठवा. परातीएवढं चाक, आणि स्टँडवर गाडी वळवताना ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठून ते ओढायचा. त्या गाडीला लहान चाक बसवलं असतं तर दोन माणसं लागली असती. पॉवर स्टिअरिंग आलं, कामाचा भार पंपाने आणि नंतर मोटरने उचलला, तेव्हा कुठे चाक लहान करणं परवडलं. आज आपण जे छोटं चाक दोन बोटांनी फिरवतो त्याच्यामागे एक अदृश्य मदतनीस बसलेला असतो. नुसतं चाक आणलं म्हणून तो मदतनीस सोबत येत नाही.

"मग रेसिंगच्या गाड्यांना छोटी चाकं कशी?" हा दादाचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला आहे. रेसची गाडी हलकी असते, आत बसायची जागा चिंचोळी असते, ड्रायव्हर तरुण आणि तयारीचा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला भाजी मंडईसमोर पार्किंग करायचं नसतं. गाडी पळत असताना चाक हलकंच लागतं. जड लागतं ते उभ्या गाडीत किंवा अगदी सावकाश वळताना. नार्डी, मोमो, मोटो-लिटा ही नावं ज्या चाकांमुळे मोठी झाली ती चाकं त्यांच्या जागी उत्तमच आहेत. पण अंबाजोगाईच्या गल्लीतली पद्मिनी ही ती जागा नाही.

दुसरा मुद्दा आपल्या धंद्यातला आहे. चाक हा सुटा भाग दिसतो, पण त्याला बऱ्याच डिपेंडन्सीज असतात. ज्याने कधी लेगसी सिस्टिममधलं एक 'साधंसं' मॉड्यूल बदललंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

पद्मिनीचंच घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मूळ घराणं इटलीचं, १९५३ साली आलेल्या फियाट ११००/१०३ चं. भारतात 'पद्मिनी' हे नाव १९७४ साली लागलं. या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या कॉलमवर असतो. (अगदी शेवटच्या काळातल्या काही गाड्यांत तो खाली आला, पण आपल्या आठवणीतली पद्मिनी ती नव्हे.) गिअरची दांडी चाकाच्या मागे, कडेच्या हिशेबाने बेतलेली असते, म्हणजे हात चाकावरून फार न हलवता बोटं दांडीपर्यंत जातात. चाकाचा व्यास तीन इंचांनी कमी केला की कड प्रत्येक बाजूने दीड इंच आत येते आणि दांडी उघडी बाहेर राहते. हात दर वेळी चाक सोडून बाहेर जाणार. चाळीस वर्षांची हाताची सवय मोडायची, तीही एकाहत्तराव्या वर्षी. का? तर फोटो चांगला येतो म्हणून.

मग हॉर्न. जुन्या गाडीत हॉर्नचा संपर्क चाकाच्या मध्यातून जातो. मग इंडिकेटर. वळण संपलं की दांडी आपोआप मागे यावी यासाठी चाकाच्या बुडाशी एक छोटा उंचवटा असतो. बाहेरचं चाक लावताना तो बहुतेक वेळा विसरला जातो आणि इंडिकेटर गावभर लुकलुकत राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधल्या दांड्यावरचे दाते. चाक या दात्यांवर बसतं. प्रत्येक कंपनीचे दाते वेगळे, म्हणून बाहेरचं चाक लावायला मध्ये एक जोडतुकडा लागतो, त्याला बॉस किट म्हणतात. नव्या गाड्यांची बॉस किट सहज मिळतात. पद्मिनीचं मिळालं नाही की लेथवाल्याकडे जाऊन "असंच एक बनवून द्या" म्हणायचा मोह होतो. लेथवाला बनवूनही देईल. पण माझं इथे ठाम मत आहे: ज्या तुकड्यावर अख्खी गाडी वळायची तो अंदाजाने बनवू नये. हॉर्न बंद पडला तर गाडी थांबवता येते. चाक दांड्यावर घसरलं तर आपल्या हातात नुसतं एक गोल राहतं.

तिसरा मुद्दा छातीचा. जुन्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम म्हणजे सरळ लोखंडी दांडा असतो, धडकेत दबून धक्का गिळणारा नव्हे. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून दबणारा कॉलम द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेत १९६८ पासून तसा नियमच आला. आपली पद्मिनी मात्र त्याच्या आधीच्या आराखड्यावरची. काकांच्या गाडीत सीटबेल्टही नव्हते. बॉस किट लावलं की चाक बऱ्याचदा इंच-दोन इंच पुढे, म्हणजे छातीच्या दिशेने येतं. दादाने स्पोर्ट्स स्टिअरिंगसाठी जे पैसे काढून ठेवले होते त्यात पुढच्या दोन सीटना चांगले बेल्ट बसले. ग्रुपवर पहिलं एकमत झालं ते या खर्चावर.

बरं, आता मूळ तक्रारीकडे येऊ. "स्टिअरिंग जड लागतंय." आपण सगळे इंजिनिअर चाकाच्या व्यासावर वाद घालत बसलो होतो. गावातल्या मेस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "चाक जड न्हाई साहेब, टायरात हवा न्हाई." झालं! पुढच्या दोन्ही टायरांत हवा कमी होती. शिवाय कधीतरी कुणीतरी मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकले होते. रुंद टायर जमिनीला जास्त घट्ट धरतो, म्हणून उभ्या गाडीत वळवायला जड. पुढच्या सांध्यांना ग्रीस कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं आणि स्टिअरिंग बॉक्समधलं तेल तळाला गेलं होतं. हवा, ग्रीस, तेल आणि मूळ मापाचे टायर एवढं झाल्यावर काका म्हणाले, "आता कशी सुनेसारखी वळतीय." (सुनेचं मत वेगळं असू शकतं. ती या ग्रुपवर आहे.)

सांगायचा मुद्दा असा की लक्षण चाकात दिसलं म्हणून दोष चाकातच असतो असं नाही. बग जिथे दिसतो तिथेच असतो, असं मानणाऱ्यांचं काय होतं ते आपण रोज बघतो.

तरी तडे उरतातच. ते का पडतात? जुन्या चाकाच्या आत लोखंडी सळईचा सांगाडा असतो आणि त्यावर कडक प्लास्टिक चढवलेलं असतं. उन्हाने दोन्ही फुगतात, पण सारखे नाही. सोळा इंची चाकाचा परीघ सव्वा मीटरच्या थोडा वर. मे महिन्यात बीड जिल्ह्यातली बंद गाडी दुपारी किती तापते ते सांगायला नको. पहाट आणि दुपार यांत ३५ अंशांचा फरक धरा. एवढ्यात लोखंड परिघावर अर्धा मिलिमीटर वाढतं, कडक प्लास्टिक तीन मिलिमीटरच्या आसपास वाढू पाहतं. दिवसा ओढाताण, रात्री ओढाताण, असं वर्षानुवर्षं. शेवटी प्लास्टिक जिथे दांडी कडेला मिळते तिथे फाटतं. म्हणजे बहुतेक वेळा तडा हा वरच्या कातडीचा आजार असतो, हाडाचा नाही. आणि म्हणूनच तो दुरुस्त होतो.

कसा, ते थोडक्यात. आधी बॅटरीची वायर काढा. हॉर्नचं बटण काढलं की खाली नट दिसतो. चाक आणि दांडा यांवर एक सरळ खूण करा, नाहीतर परत बसवताना चाक वाकडं बसेल. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-चार आटे राहू द्या. नाहीतर अडकलेलं चाक एकदम सुटून तोंडावर येतं. चाक ओढायला पुलर वापरा. हातोडी अजिबात नाही, कारण तो ठोका खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जातो. मग तडा कानशीने व्ही आकारात उघडायचा, पार लोखंडापर्यंत. इथे थांबून नीट बघायचं. लोखंडाच्या सळईला, मधल्या बुडाला किंवा वेल्डिंगला चीर असेल, किंवा दाते झिजून चाक हलत असेल, तर दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. ते चाक भिंतीवर लावा, गाडीला नको. सांगाडा धड असेल तर गंज खरवडून दोन भागांचं इपॉक्सी भरायचं, पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं, पॉलिश पेपर जाड ते बारीक असा मारायचा, प्रायमर आणि मग काळा रंग. एका वीकेंडचं काम आहे. खर्च पुण्यात चौघं जेवायला जातो त्याहून कमी.

पकड पातळ वाटते ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. जुन्या चाकाची कड बारीक असते, वयस्क बोटांना ती घट्ट धरावी लागते. त्यावर उपाय म्हणजे सीट कव्हरवाल्याकडून कडेवर चामडं ताणून, टाके घालून शिवून घेणं. कड जाड होते, व्यास तेवढाच राहतो. दुकानातलं नुसतं चढवायचं कव्हर घेऊ नका. ते ऐन वळणावर चाकाभोवती फिरतं.

सांगाडाच गेला असेल तर मूळ चाक मिळतं का? मिळतं. मुंबईच्या टॅक्स्यांमुळे या गाड्यांचे भाग बरेच बाजारात आले. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांत शोधाल तर चाक हाती लागू शकतं. पण फोटोवर घेऊ नका. स्वतःचं चाक किंवा निदान त्याच्या बुडाचं माप सोबत न्या, दाते जुळवून बघा, बिल मागा. बिल नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

कायद्याचंही लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा रोख मूळ रचना बदलण्यावर आहे. चाक आरसी बुकात लिहिलेलं नसतं. म्हणजे केवळ चाकासाठी कोर्टकचेरी होईल असं मी म्हणत नाही. २०२१ साली आलेल्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. तिथेही चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ असण्याची अट आहे. आमची गाडी २०२८ साली पन्नाशीची होईल. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शनं आणि रॅलीपुरतीच. काकांना प्रदर्शन नकोय. त्यांना परळीला जायचंय.

आणि इथे माझं 'ओरिजिनल'वाल्या मंडळींशीही जमत नाही. गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी ठेवा, एक स्क्रूही बदलू नका, असं मी म्हणत नाहीये. काकांच्या गाडीत बेल्ट नव्हते, आम्ही बसवले. चाकावर चामडं चढलं, ते मूळ नव्हतं. माझी कसोटी वेगळी आहे. बदलाने चालवणाऱ्याचं काम सोपं होतं का, आणि उद्या नको वाटलं तर तो बदल परत फिरवता येतो का? दोन्हीला 'हो' असेल तर खुशाल करा. मोठ्या व्यासाचं दुरुस्त केलेलं चाक आणि त्यावर शिवलेलं चामडं या दोन्हीत बसतं. तेरा इंची चाक पहिल्याच प्रश्नावर नापास होतं. आणि कुणी हौसेने बसवणारच असेल तर माझी एकच विनंती: जुनं चाक कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. रोलबॅक ठेवल्याशिवाय प्रोडक्शनला हात लावायचा नसतो.

एक गोष्ट मात्र काकूंच्या बाजूने बोललीच पाहिजे. एक दिवस असा येईल की हवा, ग्रीस, तेल सगळं व्यवस्थित असेल, चाक मोठं असेल आणि तरीही काकांच्याने ते वळणार नाही. किंवा नजर साथ देणार नाही. त्या दिवशी कुठलंही चाक उपयोगाचं नाही, आणि ते बोलणं समोर बसून, चहा घेत, सरळ शब्दांत करावं लागेल. ते अवघड बोलणं टाळायला म्हणून कुणी चाक बदलू नये, आणि गाडी जड लागते एवढ्या निमित्तावर किल्लीही काढून घेऊ नये. आधी जड का लागतं ते बघावं. आम्ही बघितलं तर दोष काकांच्या खांद्यापेक्षा टायरमध्ये जास्त निघाला.

असो. तुमच्याही गावाकडच्या अंगणात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल. सुट्टीत जाल तेव्हा लिंक बघण्याआधी पुढच्या टायरची हवा तपासा, आणि उन्हात गाडी लावली की चाकावर एक जुना टॉवेल टाकायला सांगा. दादाने ऑर्डर कॅन्सल केली. आता तो सीट कव्हरच्या रंगावर मतदान घेतोय.